दुसऱ्याने बिघडवलेली धार

(रायगड किनाऱ्यावरील लघुउद्योजकांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या किनाऱ्याने आंग्र्यांचे आरमार पाहिले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट ताकीद आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. झाड जीर्ण झालेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊनच ते घ्यावे. वृक्ष वाढायला किती काळ लागतो, याची ही जाण होती. वाईट करवतीने त्याच लाकडाचा भुसा करणे हा म्हणूनच निव्वळ धंद्यातील तोटा नव्हे.

मी औद्योगिक करवतींना धार लावतो. एकदा एका गिरणीमालकांनी पट्टाकरवत आणली. दुसरीकडे स्वस्तात धार लावून घेतली होती. दोन दिवसांतच काप वाकडा जाऊ लागला. दातांची टोके निळी पडली होती. भिंगातून पाहता दातांमधल्या खोबणींत केसासारख्या चिरा दिसल्या.

घासणारे चाक एका फेरीत फार खोल उतरवले आणि गारवा देणारे पाणी कमी पडले, की पोलाद तापते, लगेच निवते आणि तेथे ठिसूळ बनते. असा पट्टा वेगात तुटला, तर यंत्रापाशी उभ्या कामगाराच्या जिवावर बेतते.

मालक म्हणाले, "तुम्ही फक्त धार लावा, बाकीचे मी पाहतो."

माझ्यापुढे दोन मोह होते. एक, चिरांकडे डोळेझाक करून पैसे घ्यावेत. दुसरा, प्रतिस्पर्ध्याची यथेच्छ निंदा करून गिऱ्हाईक कायमचे जोडावे. मी दोन्ही टाळले. भिंग मालकांच्या हाती दिले, दोष कागदावर लिहून दिले आणि चिरलेला भाग कापून पट्टा पुन्हा जोडल्याशिवाय धार लावणार नाही, असे नम्रपणे सांगितले.

बंधूंनो, दोष देण्यापूर्वी शोध घ्यावा. चिरा पट्ट्याच्या पाठीच्या कडेला असतील, तर धार लावणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी गिरणीतील मार्गदर्शक ठोकळे आणि पट्ट्याचा ताण तपासावा. लाकडातील एखादा खिळाही चांगले दात मोडतो. येथे मात्र निळसर डाग आणि खोबणींतील चिरा एकच गोष्ट सांगत होत्या.

त्या संध्याकाळी मी त्या व्यावसायिकांना दूरध्वनी केला. "आपल्या कामाची चेष्टा करायला नव्हे, एक धोका कळवायला बोलतो आहे," असे म्हणालो. प्रथम ते चिडले. चार दिवसांनी स्वतः आले, तोच पट्टा पाहिला आणि गप्प झाले. तेव्हा मी त्यांना सांगितले, की उमेदवारीच्या काळात घाईने असेच दात मीही जाळले होते. मग चाक वेळच्या वेळी कसे उजळावे आणि हलक्या फेऱ्यांनी कसे घासावे, यावर आम्ही तासभर बोललो.

काही जण विचारतात, स्पर्धकाला शहाणे करून तुम्ही काय मिळवले? मी म्हणतो, एका वाईट पट्ट्याने गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो, तो साऱ्या धंद्यावरचा. दराची स्पर्धा अवश्य करावी. परंतु त्या दरात तपासणी, दातांची समान उंची आणि चिरांचा शोध हे सारे धरलेले आहे, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. काम स्वच्छ असेल, तर दुसऱ्याचे वाईट बोलण्याची गरज उरत नाही.