माळरानाची सहल

वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान म्हटलं की जैसलमेर आठवतं. पण हिंगोलीहून लेकराबाळांना घेऊन तिथवर गाडीनं जाणं फार लांबचं. तिथला माळढोक पक्षी आपल्याही माळांवर राहत होता. त्याच्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेलं अभयारण्य सोलापूरजवळ नान्नजला आहे. औंढा, परभणी, अंबाजोगाई, बार्शी करत सोलापूर रस्त्याला लागलं की नान्नज येतं.

माळढोक दिसेलच, अशी आशा मुलांना लावू नका. तो इथं आता जवळपास दिसेनासा झालाय. मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं नीट दिसत नसल्यानं हा जड पक्षी उडताना विजेच्या तारांवर आदळतो. काळविटांचे कळप मात्र पाहायला मिळतात: नर काळाभोर, पोट पांढरं, शिंगांना पीळ, मादी फिकट तपकिरी. नशिबात असेल तर लांडगाही दिसतो. अशा माळाला पडीक म्हणणं मला अजिबात पटत नाही.

हिवाळ्यात जा, उजाडताच पोचा, पिण्याचं पाणी भरपूर घ्या. वनखात्याला विचारून स्थानिक वाटाड्या सोबत ठेवा. आणि मुलांना गवतात धावू देऊ नका, कितीतरी पक्ष्यांची घरटी तिथं जमिनीवरच असतात.