पडद्यावरचा आकडा आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





विश्वस्त मंडळाने मला बोलण्यास सांगितले तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी विद्वान नाही, व्याख्याता नाही. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतून यंत्रांवरचे पडदे तयार करून देणे, हेच माझे काम. तेव्हा ज्या विषयात माझी उमर गेली, त्याच विषयावर चार शब्द बोलावेत असे ठरविले. विषय दिसायला लहान आहे. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बदलतो कसा, आणि तो बदलला नाही तर काय होते?

आपल्या या पट्ट्याचा इतिहास आपणांस ठाऊक आहेच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या माळरानांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे हा विस्तार चाकणपर्यंत पोचला आणि २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. जुन्या कारखान्यांत यंत्राची प्रकृती सांगायला गोल तबकडीवरचा काटा असे, लाल-हिरवे दिवे असत. आज त्या जागी काचेचा पडदा आला आहे. बोट लावले की चित्र बदलते, बिघाड झाला की रंग बदलतो, भाषाही बदलते. तोच आकडा यंत्रावरच्या पॅनेलवर, सुपरवायझरच्या संगणकावर, शॉपमध्ये उंच टांगलेल्या फलकावर आणि साहेबांच्या मोबाइलवर एकाच वेळी दिसतो.

हे घडते कसे, ते थोडक्यात सांगतो. यंत्राचा कारभार पाहणारा एक लहान संगणक विजेच्या पेटीत बसविलेला असतो. त्याला पीएलसी म्हणतात. भट्टीचे तापमान, तेलाचा दाब, मोटार चालू की बंद, हे सारे त्याच्या स्मरणात ठरावीक क्रमांकाच्या खणांत साठलेले असते. पडदा तयार करणारा माणूस पडद्यावरच्या प्रत्येक चित्राची गाठ अशा एकेका खणाशी मारतो. मग पडदा दर अर्ध्या-एक सेकंदाने त्या खणात डोकावतो आणि जे सापडेल त्याप्रमाणे चित्र बदलतो. खणात शून्य असेल तर 'बंद', एक असेल तर 'चालू', दोन असेल तर 'बिघाड'. तापमान ठरलेल्या हद्दीखाली गेले तर आकडा लाल. म्हणजे पडद्याला स्वतःचे ज्ञान काहीच नसते. तो केवळ निरोप्या आहे.

आता निरोप्या वाटेत अडकला तर? येथेच माझी स्वतःची एक चूक मला आपणांस सांगावयाची आहे. ती सांगताना आजही मला लाज वाटते.

भोसरीतल्या एका कारखान्यात पोलादी जॉबला पाणी देण्याची, म्हणजे हार्डनिंगची, भट्टी होती. तिचा पडदा मी तयार केला होता. भट्टी ८५० अंशांवर ठेवायची आणि ठरल्या वेळाने जॉब तेलात बुडवायचे, अशी रीत. रात्रपाळीचा ऑपरेटर लातूरकडचा एक तरुण होता. तो दर अर्ध्या तासाने पडदा पाही आणि वहीत तापमान लिही. एका रात्री पीएलसीकडून पडद्याकडे येणारी केबल सैल झाली आणि पुढे भट्टीच्या हीटरचा एक फेज गेला. भट्टी हळूहळू थंड होत राहिली. पडदा मात्र ८५० दाखवीतच राहिला, तोही हिरव्या रंगात. धोक्याची घंटाही त्याच पडद्यावरून वाजायची होती, तेव्हा तीही मुकी राहिली.

सकाळी तपासणीत सगळा लॉट मऊ निघाला. ऑपरेटरची वही उघडली. तीत ओळीने ८५०, ८५०, ८५० असे लिहिलेले. साहेब म्हणाले, "हा रात्रभर झोपला आणि पहाटे एका बैठकीत सगळे आकडे भरले." त्याला मेमो मिळाला, पगारातून नुकसान कापण्याची भाषा सुरू झाली. तो बिचारा एवढेच म्हणत राहिला, "साहेब, मी जे दिसले तेच लिहिले."

मला बोलावणे आले. तेथे एक वयस्क फोरमन होते, सारे त्यांना चाचा म्हणत. ते पडद्यापुढे उभे राहून मला म्हणाले, "इंजिनियरसाहेब, भट्टी जिवंत असते. आकडा दोन अंश वर जातो, दोन अंश खाली येतो. हा आकडा रात्रभर हलला नाही. जो आकडा श्वास घेत नाही तो मेलेला असतो." मी माझा प्रोग्रॅम उघडून पाहिला. संपर्क तुटल्यास काय दाखवावे, असा एक प्रश्न त्या सॉफ्टवेअरने मला विचारलेला होता. मी त्याला उत्तरच दिले नव्हते. कंपनीने आधीपासून भरून ठेवलेले उत्तर तसेच राहिले होते: शेवटचा आकडा कायम ठेवा.

मी व्यवस्थापनाला लेखी दिले की चूक ऑपरेटरची नसून पडद्याची आहे, म्हणजेच माझी आहे. मेमो मागे घेतला गेला. परंतु मित्रहो, त्या मुलाने जे तीन दिवस काढले ते मी मागे घेऊ शकलो नाही.

ही केवळ आमच्या भोसरीची गोष्ट नव्हे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला. दाब सोडणारी एक झडप उघडी अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद असल्याचे सुचवीत होता. कारण तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवीतच नव्हता. झडप बंद करण्याचा हुकूम सुटला, एवढेच तो सांगत होता. हुकूम सुटणे वेगळे आणि हुकूम पाळला जाणे वेगळे. दोन तासांहून अधिक काळ झडप उघडी राहिली आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. आमच्या येथे निरोप्या वाटेत अडकला होता, तेथे तो अर्धाच निरोप सांगत होता. दोन्हीकडे पाहणाऱ्याचा घात झाला.

आता एकच आकडा अनेक यंत्रांवर आणि अनेक सॉफ्टवेअरमध्ये दाखवायचा असतो तेव्हा अडचणी वाढतात. पीएलसी एका कंपनीची, पडदा दुसऱ्या कंपनीचा, संगणकावरचा प्रोग्रॅम तिसऱ्याचा. या सर्वांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९७९ साली मोडिकॉन कंपनीने मॉडबस नावाची बोली प्रसिद्ध केली. ती आजही आपल्या कारखान्यांत सर्रास चालते. तिच्या एका खणात शून्यापासून ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. मोठा किंवा दशांशाचा आकडा दोन खणांत विभागून ठेवावा लागतो. त्यातला कोणता अर्धा भाग आधी वाचायचा, याबाबत कंपन्यांत एकमत नाही. क्रम चुकला की ८५० ऐवजी भलताच आकडा दिसतो. अशी चूक निदान डोळ्यांत भरते. जुना आकडा ताज्याचा वेष घेऊन येतो, तो अधिक घातक.

पुढे १९९६ साली ओपीसी नावाचे मानक आले आणि २००८ साली त्याची ओपीसी यूए ही नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिला विशिष्ट कंपनीच्या संगणकाचे बंधन नाही. तिचा मोठा गुण असा, की आकडा एकटा प्रवास करीत नाही. हा आकडा विश्वासार्ह आहे की नाही, आणि तो कोणत्या क्षणाचा आहे, या दोन साक्षी त्याच्या सोबत येतात. परंतु साक्षीदार दारात आला तरी त्याला आत बोलावणारा हवा. पडदा तयार करणाऱ्याने त्या साक्षी दाखविल्याच नाहीत, तर मानक काय करणार?

आणखी एक नियम मी अनुभवाने शिकलो. कोणत्या आकड्याला लाल म्हणायचे, हे एकाच ठिकाणी, शक्यतो पीएलसीतच, ठरवावे. पॅनेलवर एक हद्द, संगणकावर दुसरी, मोबाइलवर तिसरी अशी लिहून ठेवली, की पुढे कोणीतरी एक बदलतो आणि बाकीच्या दोन विसरतो. मग त्याच क्षणी ऑपरेटरला हिरवे दिसते आणि साहेबांना पिवळे, आणि भांडण माणसामाणसांत लागते. पडदा लहान असेल तर मांडणी बदलावी, अक्षर मोठे करावे, कमी महत्त्वाचे बाजूला ठेवावे. रूपे कितीही असोत, सत्य एकच असले पाहिजे.

आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक मालेगाव, भिवंडीकडे मागावर काम करीत असतील. त्यांना माझे पुढचे म्हणणे लवकर कळेल. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्यात धागा तुटला की माग आपोआप थांबे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे बरे, हा त्यामागचा विचार. त्याच घराण्यातून पुढे टोयोटाचा मोटारींचा कारखाना निघाला आणि तोच विचार तेथे गेला. आज चाकणच्या मोटार कारखान्यांत लाइनच्या वर जो फलक लावतात त्याला अँडॉन म्हणतात. हा जपानी शब्द मूळचा कागदी कंदिलाचा. आपला पडदा हाही एक मागच आहे. पीएलसीकडून येणारा धागा तुटला, तर त्याने जुनेच कापड विणत बसू नये.

याचा उपाय अवघड नाही. पीएलसीत एक आकडा दर सेकंदाला एकाने वाढत ठेवावा. पडद्याने त्याच्यावर नजर ठेवावी. पाच सेकंद तो हलला नाही, तर सर्व आकडे करडे करावेत, त्यांवर फुली मारावी आणि ठळक अक्षरांत लिहावे, 'संपर्क तुटला, भट्टीवरचा मीटर पाहा.' शिवाय धोक्याची घंटा पडद्याच्या भरवशावर ठेवू नये, ती थेट यंत्राशी जोडावी. हे सारे करायला मला त्या कारखान्यात अर्धा दिवस लागला. तो अर्धा दिवस मी आधी दिला असता, तर चाचांना मला शिकवावे लागले नसते.

रंग आणि भाषा यांबद्दलही थोडे सांगतो. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावधान, हिरवा म्हणजे ठीक, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. परंतु लाल आणि हिरवा यांतला फरक न कळणारी माणसे असतात, आणि त्यांत पुरुषच अधिक. म्हणून रंगाबरोबर आकार आणि शब्दही बदलावा. शब्द मात्र कामगाराला वाचता आला पाहिजे. देवनागरीसाठी १९९१ साली भारतीय मानक ठरले. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली आणि पुढे मराठी, उर्दू साऱ्यांचीच सोय झाली. तरीही काही पॅनेलांना आपली जोडाक्षरे नीट जुळविता येत नाहीत, वेलांटी भलतीकडेच पडते. मग घाईत असलेला इंजिनियर मराठी मजकुराचे चित्र चिकटवून मोकळा होतो. चित्र सुबक दिसते, पण ते बदलत नाही. इंग्रजीत 'बिघाड' झळकतो आणि मराठीत 'चालू' तसेच राहते. म्हणून पॅनेल विकत घेण्यापूर्वीच 'स्थिती', 'क्रमांक', 'विद्युत' असे शब्द त्यावर लिहून पाहावेत.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण उद्या आयटीआय, पदविका, पदवी घेऊन याच पट्ट्यात कामाला लागतील. सॉफ्टवेअरची नावे दर पाच-दहा वर्षांनी बदलतात, त्यांची पाठांतरे करू नका. कोणत्याही पडद्यापुढे उभे राहिलात की तीन प्रश्न विचारा. हा आकडा कोठून येतो? तो किती जुना आहे? आणि धागा तुटला तर हा पडदा काय दाखवील? ही तीन उत्तरे ज्याला देता येतात, तो कोणत्याही कंपनीच्या पडद्यावर काम करू शकेल.

विश्वस्तांना माझी एक नम्र विनंती आहे. आपल्या शाळेत एक लहानशी पीएलसी, एक पॅनेल, एक जुना संगणक आणि एक मोबाइल एवढे सामान जमवावे. लागणारी सॉफ्टवेअरे बरीचशी मोफत मिळतात. मुलामुलींना पडदे तयार करू द्यावेत आणि परीक्षेच्या दिवशी शिक्षकांनी मुकाट्याने केबल ओढून काढावी. ज्याचा पडदा लगेच बोलेल तो उत्तीर्ण. ज्याचा पडदा हिरवा राहील त्याला पुन्हा बसवावे. शिकवायला मी दर रविवारी येईन.

कारण त्या पडद्यापुढे रात्री दोन वाजता जो उभा असतो, तो बहुधा आपल्यातलाच कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ असतो. त्याला जे दिसेल तेच तो वहीत लिहील. ते खरे असावे, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.