राज्याचे कान आणि लहानांचा खर्च
(नभोवाणीवरील भाषण)



भिंतीलाही कान असतात, असे आपण म्हणत आलो आहोत. परंतु ते कान बसविण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न आपल्या म्हणीने कधी विचारला नाही. आज मी आपल्याशी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे. विषय वरवर पाहता यंत्रज्ञांचा आणि वकिलांचा वाटेल. पण ज्याच्या घरात इंटरनेटची तार आली आहे, त्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध पोहोचतो.

गुन्हेगाराचे संभाषण ऐकण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असावा की नसावा, हा वाद आज मी उकरून काढीत नाही. हेर आणि बातमीदार यांच्यावाचून कोणतेही राज्य चाललेले नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात हेरांचे जाळे जसे तपशीलवार वर्णिले आहे, तसेच त्यांचे वेतनही लिहून ठेवले आहे. कोणास एक हजार पण, कोणास पाचशे पण. म्हणजे ऐकणारा राजा होता आणि पैसे मोजणाराही राजाच होता. आधुनिक काळात ही जोडी कशी फुटली, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत सापडते.

पूर्वी दूरध्वनीवरील संभाषण ऐकणे फारसे कठीण नव्हते. न्यायाधीशाचा हुकूम घेऊन पोलीस अधिकारी टेलिफोन कंपनीकडे जाई आणि संशयिताच्या तारेला दुसरी तार जोडली की काम भागे. पुढे यंत्रे बदलली आणि ही सोपी वाट बंद होऊ लागली. तेव्हा १९९४ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेने एक कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून त्यास ‘कॅलिया’ म्हणतात. टेलिफोन कंपन्यांनी आपली यंत्रणा अशा रीतीने घडवावी की, हुकूम येताच संभाषण ऐकता यावे, असा त्याचा आशय. त्यावेळच्या विधिमंडळाने दोन मर्यादा घातल्या होत्या. १९९५ सालाच्या आरंभापर्यंत बसविलेल्या यंत्रांतील फेरफारासाठी सरकारी तिजोरीतून पन्नास कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद केली. आणि ‘माहितीसेवा’ या वर्गाला कायद्यातून वगळले. इंटरनेट त्याच वर्गात मोडते, अशी पुरवठादारांची समजूत होती.

दहा वर्षांनी काळ पालटला. २००४ साली न्यायखाते, एफ.बी.आय. आणि अमली पदार्थविरोधी खाते यांनी संघीय दळणवळण आयोगाकडे अर्ज केला की, गुन्हेगार आता इंटरनेटवर बोलतात, तेव्हा हा कायदा तेथेही लागू व्हावा. आयोगाने २००५ च्या ऑगस्टमध्ये ते मान्य केले. मे २००६ मध्ये दुसरा आदेश निघाला. मुदत ठरली १४ मे २००७, आणि खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा. विद्यापीठे व अन्य संस्था न्यायालयात गेल्या. परंतु २००६ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने आयोगाची बाजू उचलून धरली. कायद्याचे पालन न केल्यास न्यायालय दिवसाला दहा हजार डॉलरपर्यंत दंड ठोठावू शकत होते.

आता हे काम प्रत्यक्षात काय असते, ते पाहू. इंटरनेटवरील मजकूर एका तारेतून सलग वाहत नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो आणि हजारो माणसांचे असे तुकडे एकाच मार्गाने, एकमेकांत मिसळून धावत असतात. त्या लोंढ्यातून एकाच माणसाचे तुकडे वेचावयाचे, दुसऱ्या कोणाचाही तुकडा त्यात येऊ द्यावयाचा नाही, ते ठराविक पद्धतीने मांडून अधिकाऱ्यांकडे पाठवावयाचे, आणि हे सारे त्या ग्राहकास किंचितही सुगावा न लागता! त्यासाठी खास यंत्र हवे, ते चालविणारा जाणता माणूस हवा, हुकूम रात्री दोन वाजता आला तरी तो स्वीकारणारा जबाबदार अधिकारी हवा, आणि हा सर्व बंदोबस्त कसा ठेवला आहे याचे लेखी निवेदन सरकारदरबारी दाखल करावयास हवे.

मोठ्या कंपनीला यात विशेष काही नाही. तिच्याकडे वकिलांची फौज असते, अभियंत्यांचे स्वतंत्र खाते असते. पण अमेरिकेच्या ग्रामीण भागात, जेथे मोठ्या कंपन्यांना तार नेणे परवडत नाही, तेथे एखाद्या धान्याच्या कोठारावर वा पाण्याच्या टाकीवर उंच ॲन्टेना उभारून पाच-सातशे घरांना इंटरनेट पुरविणारी लहान माणसे आहेत. मालक स्वतःच शिडीवर चढतो आणि हिशेब बहुधा घरातीलच कोणी तरी पाहते. समजा, ही व्यवस्था उभारण्यास पन्नास हजार डॉलर लागले. पाच लाख ग्राहक असलेल्या कंपनीला हा खर्च माणशी दहा सेंट पडेल. पाचशे ग्राहक असलेल्याला माणशी शंभर डॉलर! हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. परंतु गणिताचा न्याय खरा आहे. यंत्राची किंमत ग्राहकांची संख्या पाहून कमी होत नाही.

आणि हे यंत्र उपयोगात तरी किती येणार? २००६ साली सबंध अमेरिकेत, संघीय आणि राज्य न्यायालये मिळून, संभाषण ऐकण्याच्या १,८३९ परवानग्या दिल्या गेल्याची अधिकृत नोंद आहे. त्यांपैकी बहुसंख्य अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी होत्या आणि बव्हंशी फिरत्या दूरध्वनीविषयी होत्या. म्हणजे एखाद्या खेड्यातील पुरवठादाराच्या दारी असा हुकूम उभ्या आयुष्यात एकदाही न येण्याचा संभव अधिक. तरीही पाहुणा येणार नाही हे ठाऊक असताना पंगत मात्र रोज मांडून ठेवावयाची!

या लहानांनी काय केले? काहींनी हे काम त्रयस्थ कंपन्यांकडे सोपविले. कायद्याने ती मुभा होती. मात्र त्या कंपन्यांची वर्गणी भरावी लागे आणि अंतिम जबाबदारी आपल्याच डोक्यावर राही. बिनतारी पुरवठादारांच्या संघटनेने अधिकाऱ्यांशी बोलणी करून आपल्या सभासदांना झेपेल अशी एक समाईक पद्धती तयार केली. कोणी खुली, फुकट मिळणारी संगणक-प्रणाली वापरून घरच्या घरी जुळवाजुळव केली. एकट्याला न उचलणारा धोंडा दहाजणांनी मिळून उचलला, ही यातील समाधानाची बाजू. पण धोंडा त्यांच्याच वाटेत का ठेवावा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाचे वेगळे उत्तर युरोपात मिळाले आहे. फ्रान्सच्या घटनापरिषदेने २००० सालच्या डिसेंबरात असा निर्णय दिला की, संभाषण ऐकण्याची व्यवस्था ही सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी असते, दूरसंचाराच्या धंद्याशी तिचा संबंध नाही. यास्तव तिचा खर्च सरसकट कंपन्यांवर लादता येणार नाही. ऑस्ट्रियाच्या घटनान्यायालयानेही २००३ साली त्याच दिशेने निकाल दिला.

कोणी म्हणेल, सिनेमागृहाचा मालक आग विझविण्याची साधने स्वखर्चाने ठेवतोच ना? ठेवतो, पण ती त्याच्या प्रेक्षकांच्या जिवासाठी असतात. येथे लाभ साऱ्या राष्ट्राचा आणि भुर्दंड मात्र एका लहान धंदेवाल्याचा. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचाच हा प्रकार होय.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे संदेश अडविण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्यापासून चालत आला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास मर्यादा घालून दिल्या. २००७ साली नियम झाले. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ च्या डिसेंबरात नवे नियम त्यांच्या जागी आले. आपल्याकडे हुकूम न्यायाधीशाचा नसून गृहसचिवाचा असतो. खर्चाविषयी मात्र आपले धोरण स्पष्ट आहे. २००७ सालच्या इंटरनेट परवान्याच्या अटींतच लिहिले होते की, ठराविक क्षमतेच्या केंद्रावर पुरवठादाराने स्वखर्चाने देखरेखीची यंत्रणा बसवावी, तिची निगा राखावी, आणि दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी वातानुकूलित, बंदोबस्ताची खोली विनामूल्य द्यावी. हे परवाने अखिल भारतीय कंपन्यांना मिळतात, तसेच सुमारे एका जिल्ह्यापुरते काम करणाऱ्यांनाही मिळतात. बेळगाव, फोंडा, इंदूर वा बडोदे येथील गल्लीत गच्चीवरून गच्चीवर गेलेली तार आपण पाहता, तिच्यामागेही बहुधा असाच कोणी लहान माणूस उभा असतो.

शेवटी एक गंभीर गोष्ट. ऐकण्यासाठी केलेली खिडकी चोरालाही उपयोगी पडते. २००४-०५ साली ग्रीसमध्ये एका मोबाइल कंपनीच्या अशाच यंत्रणेचा गैरवापर करून खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर व्यक्तींचे दूरध्वनी कोणी तरी ऐकत होते. २०२४ साली अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले की, चीनशी संबंधित घुसखोरांनी दूरसंचार कंपन्यांत शिरून, न्यायालयाच्या हुकुमान्वये मागविलेल्या माहितीपैकी काही हस्तगत केली. जेथे मोठमोठ्या कंपन्यांची ही अवस्था, तेथे काटकसरीने, नाइलाज म्हणून बसविलेल्या यंत्राचे रक्षण कोण करणार? जो खर्च जुलमाने करावा लागतो, तो माणूस शक्य तितका थोडा करतो.

म्हणून मला वाटते की, ज्याला ऐकावयाचे आहे, त्याने मोल द्यावे. यात लहान धंद्याचे रक्षण आहेच. पण त्याहून मोठा लाभ नागरिकाचा आहे. स्वतःच्या तिजोरीतून पैसा मोजावा लागला म्हणजे माणूस विचार करतो की, हे खरोखर हवे आहे काय? राज्यसंस्थेलाही तोच नियम लागू पडतो. कान फुकट मिळाले की, ऐकण्याला सुमार राहत नाही.