औषधाचीही परीक्षा
(वार्षिक समारंभातील भाषण)



परीक्षा म्हटली की विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. परंतु परीक्षा औषधांचीही होते, आणि व्हायलाच हवी. मेंदूच्या उपचारांतील एक उदाहरण आपणापुढे ठेवतो.

डोक्याला जबर मार बसला की मेंदूला सूज येते. कवटी टणक असल्यामुळे सुजेला जागा मिळत नाही. आतला दाब वाढतो आणि प्राण धोक्यात येतात. मेंदूतील गाठीभोवतीची सूज स्टिरॉइडने उतरते, हे डॉक्टरांनी पाहिले होते. तेव्हा दुखापतीतही ती उतरेल, असा तर्क झाला आणि तीस वर्षांहून अधिक काळ अनेक ठिकाणी हे औषध अशा रुग्णांना दिले गेले. तर्क सरळ होता, हेतू शुद्ध होता. पुरावा मात्र अपुरा होता.

पुरावा मिळवावा कसा? सुमारे अकराशे वर्षांपूर्वी हकीम अल्-राझी यांनी मेंदूच्या आवरणाच्या दाहाची लक्षणे असलेल्या काही रुग्णांचे रक्त काढले व काहींचे मुद्दाम काढले नाही, अशी नोंद त्यांच्या ग्रंथात आहे. तुलनेची ही कल्पना मोलाची. पण निवड वैद्यानेच केली, तर त्यातल्या त्यात बरे रुग्ण नकळत एकाच बाजूला जाऊ शकतात. म्हणून आज चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे पण गुण नसलेले द्रव. कोणाला काय मिळाले, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते.

१९९९ ते २००४ या काळात 'क्रॅश' नावाची अशी चाचणी ४९ देशांतील २३९ रुग्णालयांत झाली. २०,००० रुग्ण घेण्याचे ठरले होते. परंतु १०,००८ रुग्णांनंतरच ती थांबविण्यात आली. कारण दोन आठवड्यांत औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दगावले होते. म्हणजे ज्याला आधार समजत होते, त्यानेच दर शंभरांमागे सुमारे तीन माणसे जास्त गेली! डोक्याच्या दुखापतीवर हे औषध सरसकट देण्याची प्रथा त्यानंतर मागे पडली. गाठीच्या सुजेवर मात्र स्टिरॉइड आजही उपयोगी आहे. तेव्हा माझे भाषण ऐकून कोणी आपले औषध बंद करू नये!

पालकहो, उद्या एखाद्या रुग्णालयात अशा चाचणीसाठी आपली संमती मागितली, तर घाबरू नका आणि न वाचता सहीही करू नका. हेतू, धोका, फायदा विचारा. नकार देण्याचा आपणास हक्क आहे, आणि नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार बंद होता कामा नयेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यातून डॉक्टर होतील, परिचारिका होतील, संख्याशास्त्रज्ञही होतील. "सर्व जण असेच करतात" हे उत्तर कोणी दिले, तर अदबीने पण ठामपणे विचारा, "हे कशावरून?" त्या दहा हजार रुग्णांमुळे पुढे अनेकांचे प्राण वाचले, ते याच एका प्रश्नामुळे.