मुद्दल जपलं तर पुरावा वाढतो

आज आम्ही जरा अवघड विषय घेतलाय. हातातलं काम बाजूला ठेवा, लेकीसुनांनाही जवळ बोलवा.

एखाद्या बाईवर, पोरीवर अत्याचार झाला की आपण आधी काय करतो? तिला आंघोळ घालतो, कपडे धुवून टाकतो. मायेपोटीच करतो. पण त्या पाण्याबरोबर पुरावाही वाहून जातो.

माणसाच्या रक्तात, थुंकीत, वीर्यात, केसाच्या मुळाशी डीएनए असतो. एकसारखे जुळे सोडले तर तो ज्याचा त्याचा वेगळा. १९८४ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी त्यावरून माणूस ओळखायची पद्धत शोधली. तेव्हा रक्ताचा चांगला मोठा डाग लागायचा. आता डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरू शकतो. प्रयोगशाळेत पीसीआर पद्धतीनं त्याच्या नकला काढतात. आपल्या चक्रवाढ व्याजासारखंच ते. एकाचे दोन, दोनाचे चार, २० फेऱ्यांत १० लाखांवर! बाईच्या डीएनएत पुरुषाचा मिसळला असला, तरी पुरुषाचा वेगळा वाचता येतो.

पण मुद्दलच नसेल तर व्याज कशावर धरायचं? ते मुद्दल जपणं आपल्या हातात आहे.

तपासणी होईपर्यंत आंघोळ नको, कपडे धुणं नको. अंगावरचे कपडे बदललेच, तर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. ओला कपडा सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको. चार जणींनी हाताळू नका. यंत्र इतकं बारीक वाचतं की आपलाही डीएनए त्यात सापडतो.

लगेच दवाखाना गाठा. सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब द्यायचे, असा कायदा आहे. आधी पोलिसांची चिठ्ठी आणा, असं कुणी म्हणालं तर परत फिरू नका. तपासणी मात्र तिच्या संमतीनंच.

आणि आंघोळ झाली असली, दोन दिवस उलटले असले, तरी जाच. काही ना काही मिळू शकतं. नाहीच मिळालं, म्हणून ती खोटी ठरत नाही. तिच्या जबाबालाही न्यायालयात मोल आहे.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं बोलून घ्या. तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, गाडी कुणाची, हे आजच ठरवून ठेवा. ती वेळ कुणावर न येवो. आली, तर ती एकटी नसावी.