निर्वासित मुलांचा पालक कोण?

(नवी मुंबई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोल्हापूरजवळच्या वळिवडे या गावाचे नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. पोलंडमध्ये मात्र ते आदराने घेतले जाते. १९४३ ते १९४८ या काळात या गावाच्या माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तीत बहुसंख्या स्त्रियांची आणि मुलांची होती. पूर्व पोलंड व्यापल्यानंतर सोव्हिएत सत्तेने ज्यांना १९४० व १९४१ साली घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले, त्यांतलीच ही माणसे. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटीने त्यांना निर्वासित केले, हे सत्य समाजवाद्यांनी लपवण्याचे कारण नाही. हिटलरने रशियावर आक्रमण केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली होती. ती १९४६ साली बंद झाली, तेव्हा तिथली मुलेही वळिवड्याला आली.

वळिवड्याला केवळ छप्पर आणि शिधा नव्हता. शाळा होत्या, रुग्णालय होते, प्रार्थनामंदिर होते, नाटकाचा रंगमंच होता, बालवीरांची पथके होती. निर्वासितांतलेच शिक्षक मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवीत. ज्या मुलांनी उपासमार आणि मृत्यू डोळ्यांनी पाहिले होते, त्यांना पुन्हा वेळापत्रक मिळाले, परीक्षा मिळाली, खेळ मिळाला. मुलाला सुरक्षित वाटते ते कुंपणामुळे नव्हे. उद्या सकाळी काय होणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून वाटते.

हे कशामुळे साधले? कोल्हापूरकरांच्या औदार्यामुळे साधले, असे म्हणण्याची प्रथा आहे. ते औदार्य खोटे नव्हते. परंतु केवळ औदार्यावर पाच हजार माणसे पाच वर्षे जगत नाहीत. जागा कोल्हापूर संस्थानात मिळाली, देखरेख हिंदुस्थान सरकारची होती, खर्चाची जबाबदारी लंडनमधील पोलिश सरकारने उचलली होती. त्या सरकारची मान्यता गेल्यावर आंतरराष्ट्रीय मदत-संस्था पुढे आल्या. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर, या मुलांचे उत्तरदायित्व कोणाचे, या प्रश्नाला नाव घेऊन देता येईल असे उत्तर होते. वळिवड्याचा खरा धडा हा आहे. निर्वासित मुलाला दयाळू माणसांची गरज असतेच. पण त्याहून अधिक गरज असते ती जाब विचारता येईल अशा पालकाची.

ज्या १९४३ साली वळिवड्याची वसाहत उभी राहिली, त्याच साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि त्यात वीस ते तीस लाख माणसे मेली. राज्यकर्ते तेच होते. पोलिश मुलाच्या पाठीशी दोस्त राष्ट्राचे सरकार होते. बंगाली मुलाच्या पाठीशी कोणीही नव्हते. यावरून पोलिश मुलांच्या वाट्याला आलेले अन्न चुकीचे ठरत नाही. ठरते ते एवढेच, की साम्राज्याची करुणा माणुसकीच्या मापाने नव्हे, राजकीय सोयीच्या मापाने वाटली जात होती. स्वतंत्र भारताने हे माप बदलणे अपेक्षित होते.

काही काळ ते बदललेही. पोलिश मंडळी निघून गेल्यावर वळिवड्याच्या त्याच वसाहतीत सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांतून १९४९ साली उल्हासनगर झाले. तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी केंद्र शासनाने १९६१ साली स्वतंत्र शाळा-प्रशासन स्थापन केले. पुढे १९७२ साली तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत झाली. या सर्व ठिकाणी हाल झाले, दिरंगाई झाली, भ्रष्टाचारही झाला असेल. पण शासनाने ‘ही मुले आमच्या जबाबदारीची आहेत’ असे म्हटले होते. त्या एका वाक्याच्या आधारावर शाळा उघडतात आणि दवाखाने चालतात.

आज ते वाक्य कोण उच्चारतो? भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्याच्या १९६७ च्या पुरवणीवरही नाही. निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा जाऊन सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला. त्यानेही निर्वासिताला इतर परकीयांहून वेगळा, संरक्षणाचा दर्जा दिलेला नाही. नागरिकत्वाचे दारही पायरीपायरीने अरुंद होत गेले. १ जुलै १९८७ पूर्वी भारतभूमीवर जन्मलेले मूल, काही मोजके अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक होत असे. पुढे आईबापांपैकी एक तरी नागरिक हवा, ही अट आली. डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, हीही अट आली. २०१९ च्या दुरुस्तीने तर तीन शेजारी देशांतून आलेल्यांमध्ये धर्माची चाळणी लावली. मुलाने कोणत्या आईच्या पोटी जन्म घ्यावा, हे ठरविण्याची शक्ती मुलाजवळ नसते. आणि या अटींची शिक्षा मात्र त्यालाच होते.

याच काळात, ऑगस्ट २०२४ मध्ये, भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथे जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकांना पुष्पांजली वाहिली. ती योग्यच होती. परंतु पूर्वजांनी दिलेल्या आश्रयाचा गौरव परदेशात करायचा आणि स्वदेशात आश्रय मागणाऱ्याला घुसखोर या एकाच शब्दात निकालात काढायचे, ही विसंगती फुलांनी झाकली जात नाही.

ही विसंगती केवळ परकीयांना भोवते असेही नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या, मूळच्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे उघड झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. प्रौढ नागरिकाची ही गत, तर ज्याच्याजवळ बोलायला धड भाषाही नाही त्या मुलाने आपली बाजू कोणापुढे मांडावी?

तरीही कायदा अगदीच मुका नाही. घटनेचे एकविसावे कलम नागरिकाबद्दल नव्हे, व्यक्तीबद्दल बोलते. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, नागरिक असो वा नसो, प्रत्येकाच्या जीविताचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे, असे सांगितले. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. २००९ च्या कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधार नाही म्हणून मुलाचा हक्क हिरावता येणार नाही, हे २०१८ सालच्या निकालात आहे. रोहिंग्या मुलांनी शाळेकडे जावे, प्रवेश नाकारला तर उच्च न्यायालयात दाद मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटले. १९९२ साली भारताने स्वीकारलेल्या बालहक्क करारात निर्वासित मुलांसाठी स्वतंत्र कलमच आहे. उणीव आहे ती हे हक्क शाळेच्या दारापर्यंत पोचविणाऱ्या माणसांची. नऊ वर्षांच्या मुलाला उच्च न्यायालयाचा रस्ता कोण दाखविणार?

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, देशातल्याच मुलांना पुरत नाही, तेथे बाहेरच्यांना कोठून द्यायचे? हा आक्षेप घेणाऱ्यांना विचारले पाहिजे, की देशातल्या मुलांना पुरत नाही ते निर्वासितांमुळे काय? महाराष्ट्रात पट कमी झाला म्हणून सरकारी शाळा बंद करण्याची भाषा होते, तेव्हा त्या वर्गातल्या रिकाम्या बाकांवर कोणी परकीय बसलेला नसतो. गरिबाच्या मुलाला शिक्षण नाकारणारी व्यवस्थाच निर्वासिताच्या मुलाकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेते. दुसरा आक्षेप राष्ट्राच्या सुरक्षिततेचा. सीमेवर चौकशी करण्याचा शासनाचा अधिकार कोणी नाकारलेला नाही. पण शाळेबाहेर ठेवलेले मूल राष्ट्राला सुरक्षित करीत नाही. ते ठेकेदाराच्या, दलालाच्या आणि अल्पवयीन मुलींची लग्ने लावणाऱ्यांच्या हाती आयते सापडते. हजेरीपटावरचे मूल शासनाच्या नजरेसमोर असते. हाकलून दिलेले मूल अंधारात असते.

हे सारे नवी मुंबईत बोलण्याला विशेष अर्थ आहे. हे शहर विस्थापितांच्या जमिनीवर उभे आहे. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातल्या ९५ गावांची शेती व मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला. पुनर्वसन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे महाराष्ट्राला या भूमीने शिकविले. फरक एवढाच की, येथील शेतकऱ्याजवळ सातबारा होता, मत होते, मोर्चा काढण्याचे बळ होते. निर्वासित मुलाजवळ यांपैकी काहीच नाही. ज्यांनी विस्थापन भोगले त्यांनी त्याच्या वतीने बोलावे, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

काम लहान वाटेल, पण नेमके आहे. बांधकामांच्या वसाहती, दगडखाणी, भंगारवस्त्या येथे कोणाचे मूल शाळेबाहेर आहे, हे शाखांनी शोधावे. त्याचा देश विचारण्यापूर्वी त्याची इयत्ता विचारावी. महापालिकेची शाळा कागदासाठी अडवील तर कायद्याचे कलम दाखवून प्रवेश मागावा, नकार दिल्यास तो लेखी घ्यावा. भारतात झालेल्या प्रत्येक जन्माची नोंद व्हावी, असे १९६९ चा कायदा सांगतो. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना शाळेत जाताना जन्मदाखलाच दाखवावा लागणार असल्याने, आज नाकारलेली नोंद म्हणजे सहा वर्षांनी बंद होणारे दार आहे. एकटे, बेवारस मूल सापडले तर चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणणे बंधनकारक आहे. १०९८ हा क्रमांक त्याचसाठी आहे. नवी मुंबई ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे. मुलाची जबाबदारी दोन कचेऱ्यांच्या उंबरठ्यांमध्ये अडकू देता कामा नये. पालकांवर कारवाई झाली तर मुलाला आईपासून तोडले जात नाही ना, हे पोलीस ठाण्यात जाऊन पाहिले पाहिजे. आणि या सर्वांच्या जोडीला निर्वासितांसाठी, धर्म न विचारणाऱ्या केंद्रीय कायद्याची मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे. कारण कार्यकर्त्याची धडपड कायद्याची जागा घेऊ शकत नाही.

२०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे बळाने घराबाहेर काढलेली होती, आणि त्यांत सुमारे चाळीस टक्के मुले आहेत. एवढा मोठा आकडा ऐकला की मन बधिर होते. पण कोणतेही मूल आकड्याच्या रूपाने दारात येत नाही. ते एकेकटे येते. त्या वेळी शाळेतला, दवाखान्यातला किंवा पोलीस ठाण्यातला कोणी तरी एक अधिकारी, ‘हे मूल आमच्या जबाबदारीचे आहे’, असे म्हणण्यास कायद्याने बांधलेला असला पाहिजे. तो तसा बांधलेला नसेल तोवर आश्रय हा शब्द भाषणात शोभेल, मुलाच्या उपयोगी पडणार नाही.