मधुमेह आणि उतरती साखर
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मधुमेह म्हणजे साखर वाढणे, एवढेच आम्ही घरोघरी जाणतो. परंतु जे इन्शुलिन टोचून घेतात त्यांची साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरणे, हे संकट अधिक तातडीचे होय. दरदरून घाम, हातांस कंप, पुढे असंबद्ध बोलणे. आणि आम्ही त्यास म्हातारपणाचा हेकटपणा समजतो!

जोडीस मूत्रपिंडाचा विकार असला म्हणजे इन्शुलिन शरीरात रेंगाळते. पूर्वी सोसणारी मात्रा आता सोसत नाही. साखर वारंवार उतरू लागली की पूर्वसूचनाही बोथट होतात. अशा वेळी रुग्णास पथ्यावरून बोल लावण्यापेक्षा प्रत्येक प्रसंगाची तारीख व वेळ टिपून डॉक्टरांपुढे ठेवावी आणि मात्रा कमी करावी काय, हे विचारावे.

रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्धाच्या मुखात काहीही घालू नये; रुग्णालय गाठावे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आमच्या कार्यांत पंगती तास-दोन तास लांबतात. इन्शुलिन टोचून बसलेले वडीलधारे संकोचाने काही मागत नाहीत, आणि आम्ही अक्षतांच्या गडबडीत! यजमानांनी त्यांचे पान प्रथम मांडावे. त्यांनीही जेवणापूर्वीचे इन्शुलिन पान वाढल्याखेरीज टोचू नये, आणि खिशात साखरेची पुडी बाळगावी.